सिंगल अ‍ॅक्शन रिव्हॉल्व्हर: साध्या मुठीचं घ्यावं की बिस्ली?

तुमचा भाऊ टेक्सासला असतो, रेंजवर .४५ कोल्टची हलकी काडतुसं मारणार आहे आणि सुट्टीत गेलात की तुम्हीही मारणार. रुगर या अमेरिकन कंपनीचं न्यू व्हाकेरो की बिस्ली ब्लॅकहॉक, असं विचारलंय. एवढ्या कामाला न्यू व्हाकेरो घ्या, साध्या मुठीचं, साडेपाच इंची नळीचं.

साधी मूठ १८७३ च्या कोल्टची. मुळात १८५१ च्या नेव्ही मॉडेलवरून आलेली. आकार नांगराच्या रुमण्यासारखा. बार उडाला की ती तळहातात वर फिरते. नळी उचलली जाते हे खरं, पण त्याच फिरण्यात घोडा अंगठ्यापाशी येतो, आणि सिंगल अ‍ॅक्शनला प्रत्येक गोळीआधी घोडा हातानेच ओढावा लागतो. तुम्ही बालेवाडीला दहा मीटर एअर पिस्तूल मारता म्हणालात, म्हणून खास सांगतो: तिथली मूठ तुमच्या पंजाला बसवून घेतलेली असते, आणि हात शक्य तितका वर नेऊन धरायची सवय लागते. ती इथे विसरा. करंगळी मुठीखाली दुमडा, पकड पक्की ठेवा, पण फिरणं दाबायला जाऊ नका.

बिस्ली हे इंग्लंडमधल्या नेमबाजीच्या मैदानाचं नाव. कोल्टने १८९४ मध्ये खास लक्ष्यवेधासाठी ते मॉडेल काढलं. रुगरची बिस्ली मूठ त्याची हुबेहूब नक्कल नाही, पण तत्त्व तेच: मूठ जास्त उभी, पाठ वर चढलेली, घोडा खाली वाकलेला. धक्का सरळ तळहातात येतो. .४४ मॅग्नम किंवा .४५ ची जड काडतुसं मारायची असतील तर हिला तोड नाही. लहान पंजाला मात्र ती मोठी पडते. आणि सुपर ब्लॅकहॉकचं चौकोनी पाठीचं चापकडं सुंदर दिसतं म्हणून भुलू नका. जड काडतुसाला ते मधल्या बोटाच्या पेरावर असं बसतं की पुढच्या बाराला हात आपोआप कचरतो.

मुठीइतकंच फ्रेमकडेही, म्हणजे रिव्हॉल्व्हरच्या सांगाड्याकडेही, बघा. २००५ चं न्यू व्हाकेरो १९९३ च्या मूळ व्हाकेरोपेक्षा लहान फ्रेमचं आहे. घरी भरलेली, 'फक्त रुगरसाठी' म्हणून सांगतात ती जड काडतुसं त्यात अजिबात घालायची नाहीत, त्यासाठी .४५ चं मोठ्या फ्रेमचं ब्लॅकहॉक. शिवाय व्हाकेरोची नेम धरायची साइट म्हणजे फ्रेमवरची नुसती खाच, हलवता येत नाही. भावाला दर वेळी वेगळी काडतुसं करून बघायचा नाद असेल तर तो वैतागेल.

रुगरने १९७३ पासून ट्रान्सफर बार बसवला, म्हणजे चाप ओढल्याशिवाय घोड्याचा मार काडतुसापर्यंत पोचू न देणारी पट्टी, म्हणून काडतुसांची सहाही घरं भरता येतात. जुन्या पद्धतीच्या कोल्टमध्ये पाचच भरून घोडा रिकाम्या घरावर ठेवतात.

पुण्यात असलं काही मिळेल का, तर नाही. पोलीस आयुक्तालयातून परवाना मिळालाच, तरी सरकारी कारखान्याचं .३२ रिव्हॉल्व्हर मिळतं. ते डबल अ‍ॅक्शन, म्हणजे चाप ओढला की घोडा आपोआप मागे जातो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच बंदुका ठेवता येतात, त्यामुळे हौसेची जागाही कमीच. भावाचं तिकडेच राहू दे, तुम्ही तिकीट काढा.