मनरो राहू द्या, आधी क्युबा घ्या

लॅटिन अमेरिकेतल्या अमेरिकी हस्तक्षेपाचा इतिहास वाचायचा म्हटला की नवे वाचक १८२३च्या मनरो सिद्धांतापासून (युरोपने अमेरिका खंडांत ढवळाढवळ करू नये, ही अमेरिकेची भूमिका) सुरुवात करतात आणि कंटाळून सोडून देतात. तुम्ही थेट क्युबा घ्या. १८९८ साली, क्युबावर तेव्हा राज्य करणाऱ्या स्पेनशी युद्धात उतरताना अमेरिकेने आपल्या संसदेच्या ठरावाला जोडलेल्या टेलर दुरुस्तीत शब्द दिला होता, क्युबा घशात घालणार नाही. १९०१मध्ये आली अमेरिकी कायद्यातली प्लॅट दुरुस्ती: हस्तक्षेपाचा हक्क आमचा, आणि हे तुमच्याच राज्यघटनेत लिहा, तोवर क्युबातली आमची फौज हलणार नाही! ती मुळातून वाचाच, जेमतेम आठ कलमं आहेत. १९३४मध्ये दुरुस्ती बहुतांशी गेली, क्युबातला ग्वांतानामोचा अमेरिकी नौदल तळ मात्र राहिला. त्याच्या भाड्याचा अमेरिकेचा चेक क्युबा वटवत नाही. मग अमेरिका आणि पनामातला १९०३चा पनामा कालव्याचा करार बघा. पनामाच्या वतीने सही करणारा गृहस्थ चक्क फ्रेंच होता.