आमचं मशीन शिरोलीच्या फाउंड्रीत शेकआउटजवळ (साच्याची वाळू झटकून कास्टिंग काढतात तिथे) आहे. धातू ओळखणाऱ्या सेन्सरचा दिवा लागतो, पण पीएलसीला (मशीन चालवणाऱ्या कंट्रोलरला) इनपुट मिळत नाही. इनपुट कार्ड बदलावं का?

लगेच बदलू नका, आधी मल्टिमीटर लावा. सेन्सरचा दिवा लागला म्हणजे त्याला धातू दिसला एवढंच. सिग्नल कार्डापर्यंत पोचलाच असं नाही. सेन्सरसमोर धातू धरून कार्डाचं ते टर्मिनल आणि कॉमन (सगळ्या इनपुटचं सामाईक टर्मिनल) यांत डीसी व्होल्ट मोजा (आकडा उणे आला तरी चालेल). पीएलसीसाठीच्या आयईसी 61131-2 या मानकानुसार 24 व्होल्टच्या टाइप 1 इनपुटला 15 ते 30 व्होल्ट म्हणजे ऑन आणि 5 च्या खाली ऑफ.

- 20 च्या वर आहे, तरी कार्डाचा एलईडी बंद: चॅनल गेला. रिकाम्या चॅनलवर वायर हलवून खात्री करा, प्रोग्रॅममध्ये अॅड्रेस बदला.
- एलईडी लागतो, प्रोग्रॅममध्ये बिट येत नाही: अॅड्रेस, फोर्स (हाताने अडकवून ठेवलेली ऑन-ऑफ स्थिती) आणि कॉन्फिगरेशन तपासा.
- शून्याजवळ: वायर तुटली, टर्मिनल सैल, किंवा पीएनपीच्या (ऑन झाल्यावर +24 देणाऱ्या) जागी एनपीएन (ऑन झाल्यावर 0 व्होल्टला जोडणारा) सेन्सर बसलाय. सेन्सर नुकताच बदलला असेल तर आधी हेच बघा.
- 8-12 च्या आसपास: जोडात रोध आहे.

तुमचं मशीन शिरोलीच्या फाउंड्रीत शेकआउटजवळ आहे, म्हणून माझा पहिला संशय सेन्सरच्या एम12 कनेक्टरवर (नटाने आवळायचा गोल प्लग). वाळू, बेंटोनाइट (वाळू बांधणारी माती) आणि कोळशाची भुकटी ओलसर होऊन पिनांवर बसते, शिवाय हादऱ्यांनी नट सैल होतो. कनेक्टर उघडून पिना साफ करा आणि नट घट्ट आवळा.

हे फक्त 24 व्होल्ट डीसी डिजिटल इनपुटला लागू. 230 व्होल्ट एसी कार्डाला हे आकडे चालणार नाहीत. आणि तपासताना मशीन ऑटोवरून काढून हवा बंद करा, इनपुट अचानक आलं तर सिलिंडर हलतो.