जुनी रेल्वे तिकिटे आणि कूपने सापडली आहेत. आधी काय जपावे?

वडिलांच्या कपाटात पुठ्ठ्याची जुनी तिकिटे, सीव्हीएमचा (कूपनावर शिक्का मारणाऱ्या स्थानकावरील यंत्राचा) शिक्का असलेली कूपने आणि ठाणे–वाशी प्रवासाची एटीव्हीएमची (स्वयंचलित तिकीट यंत्राची) तिकिटे सापडल्याचे आपण लिहिले आहे. आधी एटीव्हीएमची तिकिटे हाती घ्यावीत, कारण सर्वांत नवी असूनही तीच सर्वांत आधी कोरी होणार आहेत.

या कागदावर शाई नसतेच. त्यावरील रसायनाच्या थराला यंत्रातील उष्णता लागली की तेवढा भाग काळा पडतो आणि अक्षरे उमटतात. पुढे ऊन, उकाडा, बोटांचे तेल आणि मऊ पीव्हीसीच्या पाकिटांतील द्रव्ये यांमुळे ती विरत जातात. हौसेने लॅमिनेशन करून घेणाऱ्यांचे तिकीट तर त्या उष्णतेनेच काळेठिक्कर पडते. म्हणून दोन्ही बाजू 600 डीपीआयवर स्कॅन कराव्यात (फिकट तिकिटांवरील स्थानक आणि तारीख कॉन्ट्रास्ट वाढवल्यावर पुष्कळदा वाचता येते) आणि मूळ तिकिटे पॉलिस्टर फिल्मच्या (कापडाच्या नव्हे) पाकिटात, अंधाऱ्या आणि कोरड्या जागी ठेवावीत. सेलोटेप कशालाही लावू नये.

पुठ्ठ्याच्या तिकिटांची एवढी काळजी नाही. एडमंडसन या इंग्रज स्टेशनमास्तराने 1830 च्या दशकात काढलेला हा साधारण 57 बाय 31 मिलिमीटरचा जाड तुकडा चिवट असतो. ठाण्याच्या पावसाळ्यात ओल आणि कसर यांपासून सांभाळला की झाले. तारखेची शाई उडाली असल्यास तिकीट दिव्याखाली तिरपे धरून दाबाची खूण दिसते का, ते पाहावे. प्रवास संपल्यावर तिकीट परत द्यावे, असा नियम असल्यामुळे वापरलेले तिकीट घरापर्यंत कमीच येई, आणि म्हणूनच तपासनिसाच्या पंचिंगची खाच असलेल्या तिकिटाला माझ्या लेखी कोऱ्यापेक्षा अधिक मोल आहे.

तारीख मुळीच लागत नसेल, तर नावांवरून अंदाज बांधता येतो. मुंबईच्या छत्रपती शिवाजी टर्मिनसचे ‘सीएसटी’ हे नाव 1996 पूर्वीचे असू शकत नाही, त्याच स्थानकाचे ‘सीएसएमटी’ हे नाव 2017 पूर्वीचे असू शकत नाही, आणि ऐरोलीमार्गे ठाण्याहून वाशीला जाणारी लोकल 2004 मध्ये सुरू झाली. उलट दिशेने मात्र हा हिशेब चालत नाही: छापून ठेवलेला साठा संपेपर्यंत जुनी नावे वापरात राहू शकतात.

सीव्हीएमच्या कूपनांत किंमत शिक्क्याला आहे, कारण स्थानक, तारीख आणि वेळ त्याच्यातच असते. अर्धवट वापरलेले पुस्तक मिळाले असेल, तर अल्बममध्ये नीट बसावीत म्हणून त्याची पाने सुटी करू नयेत. मुखपृष्ठ आणि उरलेली कोरी कूपने यांसह ते आहे तसे एका पाकिटात ठेवावे आणि नोंद पेन्सिलीने पाकिटावरच करावी.