न सांगता दारूचं औषध देऊ का?

‘ह्यांच्या नकळत भाजीतून औषध दिलं तर चालेल का?’ दारूचं व्यसन असलेल्या घरांतून हा प्रश्न मला सतत येतो. विचारणारी बहुतेक वेळा बायको असते, कधी आई. मंगलताईंनी (नाव बदललंय) द्यायला सुरुवातही केली होती. शेजारणीने आणून दिलेल्या गोळ्या कुटून त्या रोज नवऱ्याच्या चहात घालत होत्या. चौथ्या दिवशी संध्याकाळी तो पिऊन आला तो घामाघूम होऊनच. तोंड लालबुंद, दारातच उलट्या, छातीत धडधड. रातोरात दवाखान्यात भरती करावं लागलं.

‘ताई, माझ्याच हातून गेले असते की हो!’ त्यांचं रडणं थांबेना.

वर्षानुवर्षं शिव्या आणि मार सोसलेल्या बाईने हाताला लागला तो उपाय केला, यात तिला काय बोल लावायचा? पण ती गोळी काय करते, ते मी त्यांना नीट समजावलं. ती होती डायसल्फिराम. दारूपासून शरीरात आधी अॅसिटाल्डिहाइड नावाचं विषारी द्रव्य तयार होतं आणि एरवी यकृत त्याचा लगेच निचरा करतं. ही गोळी तो निचराच अडवते. विष रक्तात साठतं, रक्तदाब कोसळतो, हृदय कमजोर असेल तर जीवही जाऊ शकतो. गोळी बंद केल्यावरही दोन आठवड्यांपर्यंत हा धोका राहतो. म्हणून डॉक्टर तपासण्या करून, रुग्णाला सगळं सांगून, त्याच्या संमतीनेच ती देतात. ज्याला माहीतच नाही, तो पिणारच ना! जाहिरातीतल्या पुड्यांत तर काय असतं हेही कळत नाही.

सासऱ्यांचं म्हणणं होतं, खोलीत कोंडून ठेवा, चार दिवसांत उतरेल. तेही नको. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू घरच्या घरी एकदम तोडली तर पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, पुढे भ्रम होऊन जिवावर बेतू शकतं. हे काम डॉक्टरांच्या देखरेखीखालीच व्हायला हवं.

मंगलताईंनी डॉक्टरांसमोर नवऱ्याला खरं सांगितलं. तो भडकला, कितीतरी दिवस बोलला नाही. तेवढ्या काळात त्या अल-अनॉनच्या, म्हणजे दारुड्यांच्या घरच्यांसाठी असलेल्या आधारगटाच्या, सभेला जाऊ लागल्या. त्याची उधारी फेडणं थांबवलं. ‘ताप आलाय’ म्हणून त्याच्या कंपनीत फोन करणंही थांबवलं. हे सगळ्यात अवघड होतं, कारण नोकरी गेली तर घर त्यांनाच चालवायचं होतं. मेमो त्याच्या हातात पडला, तेव्हा कुठे तो माझ्यासमोर येऊन बसला. म्हणाला, ‘काय औषध द्यायचं ते मला सांगून द्या.’

उपचारांनंतर एकदा तो पुन्हा प्यायला. व्यसनाच्या आजारात असं होतं. दुसऱ्याच दिवशी दोघं मिळून आले.

तुमच्या घरी अशी पुडी आणून ठेवलेली असेल तर ती वापरू नका. १४४४६ या व्यसनमुक्तीच्या राष्ट्रीय हेल्पलाइनला फोन करा. पिणारा तयार नसला तरी तुम्ही बोलू शकता.