थकवा खरा आहे, निदान मात्र चुकीचे

प्रश्न : माझे वय 47 असून मी इंदूरमध्ये शिक्षिका आहे. वर्षभरापासून पाळी कधी पंचवीस दिवसांनी, तर कधी दोन महिन्यांनी येते आणि आली की आठ-नऊ दिवस भरपूर रक्तस्राव होतो. पहाटे तीनच्या सुमारास घामाने भिजून जाग येते, ती पुन्हा डोळा लागू देत नाही. वर्गात रोजच्या मुलींची नावे ऐन वेळी आठवत नाहीत. येथील एका आरोग्यकेंद्रात लाळेची तपासणी करून ‘तुमच्या ॲड्रिनल ग्रंथी थकल्या आहेत’ असे सांगितले. त्यांनी दिलेल्या कॅप्सूल चार महिने घेत आहे, पण गुण नाही. पुढे घ्याव्यात का?
— एक वाचक, इंदूर

उत्तर : आपण सोसत असलेला थकवा पूर्णपणे खरा आहे, हे आधी स्पष्टपणे सांगते. परंतु ‘ॲड्रिनल थकणे’ नावाचे निदान संप्रेरकशास्त्र, म्हणजे हार्मोन्सचे वैद्यकशास्त्र, मान्य करीत नाही. मूत्रपिंडांच्या माथ्यावर असलेल्या या दोन लहान ग्रंथी कॉर्टिसॉल व इतर संप्रेरके तयार करतात. त्या खरोखर निकामी झाल्या तर त्या आजाराला ॲडिसनचा आजार म्हणतात, आणि त्यात वजन झपाट्याने उतरते, त्वचा व हिरड्या काळवंडतात, उभे राहताच भोवळ येते आणि मीठ खावेसे वाटते. यांपैकी एकही लक्षण आपल्या पत्रात नाही. मानसिक ताण आणि अपुरी झोप यांनी कॉर्टिसॉलच्या दैनंदिन चढउतारात फरक पडू शकतो, पण त्यावरून ग्रंथी दमली असे ठरत नाही.

आपल्या तक्रारींचा उगम बहुधा बीजकोशांच्या बदलत्या कामात आहे. पाळी कायमची जाण्यापूर्वीच्या या वयात काही महिने बीज बाहेर पडत नाही, त्यामुळे गर्भाशयाच्या अस्तराला आवर घालणारे प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक तयार होत नाही; अस्तर वाढवणारे इस्ट्रोजेन मात्र कधी वाढते, कधी एकदम उतरते, आणि गर्भाशयाचे अस्तर अंकुशाविना जाड होत गेले की पाळी उशिरा व जोरात येते. मेंदूतील तापमान सांभाळणारे केंद्रही इस्ट्रोजेनच्या या हेलकाव्यांनी इतके हळवे होते की शरीराचे तापमान किंचित वाढले तरी घाम फुटतो. रात्रीची झोप अशी तुटत राहिली की दिवसा नावे न आठवणे ओघानेच आले. बीजकोशांना चालना देणाऱ्या एफएसएच या संप्रेरकाची पातळी या काळात सतत बदलते, म्हणून पंचेचाळिशीनंतर केवळ निदानासाठी ती तपासण्याची सहसा गरज नसते.

मला अधिक काळजी वाटते ती आठ-नऊ दिवसांच्या रक्तस्रावाची, कारण ‘हार्मोन्सचा खेळ’ म्हणून तो सोडून दिला की रक्तक्षय लक्षातच येत नाही. हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातील लोहाचा साठा) आणि टीएसएच (थायरॉईडचे काम) या तीन तपासण्या आधी करून घ्याव्यात. स्त्रीरोगतज्ज्ञांकडून सोनोग्राफी करून घ्यावी आणि त्यांनी अस्तराचा तुकडा तपासायला सांगितल्यास टाळाटाळ करू नये. लोहाची कमतरता निघाली, तर आपला निम्मा थकवा तिच्याच खाती जमा असण्याचा संभव आहे.

आता कॅप्सूलविषयी. ‘ॲड्रिनल सपोर्ट’ म्हणून विकल्या जाणाऱ्या अनेक उत्पादनांत गुराढोरांच्या ग्रंथींचा अर्क असतो, आणि शाकाहारी घरांतूनही तो नकळत घेतला जातो. अमेरिकेत अशी 12 उत्पादने तपासून 2018 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले, तेव्हा बाराही नमुन्यांत थायरॉईडचे संप्रेरक आढळले आणि अनेकांत स्टिरॉईडही होते. वेष्टनावर मात्र त्यांचा उल्लेख नव्हता. शरीराला बाहेरून स्टिरॉईड मिळत राहिले तर ॲड्रिनल ग्रंथींचे स्वतःचे काम मंदावते, आणि ते अचानक थांबवणे धोक्याचे ठरू शकते. म्हणून पुढची बाटली विकत घेऊ नये, पण चालू असलेली बाटली वेष्टनासह फिजिशियनकडे किंवा इंदूरच्याच एम. वाय. रुग्णालयाच्या मेडिसिन विभागात दाखवावी आणि कॅप्सूल कशा बंद करायच्या हे तेथेच विचारावे. गरज वाटल्यास ते सकाळी आठच्या सुमारास रक्तातील कॉर्टिसॉल तपासतील.

रात्रीच्या घामासाठी संप्रेरक उपचार हा सर्वांत परिणामकारक उपाय आहे. या उपचाराचे धोके दाखवणाऱ्या 2002 च्या अमेरिकी अभ्यासानंतर त्याची धास्ती बसली, परंतु त्यातील स्त्रियांचे सरासरी वय 63 होते. साठीच्या आतील किंवा पाळी जाऊन दहा वर्षे न झालेल्या निरोगी स्त्रीला त्याचा लाभ सहसा जोखमीपेक्षा अधिक असतो. गर्भाशय असेल तर इस्ट्रोजेनसोबत प्रोजेस्टेरॉन घ्यावेच लागते. स्तनाचा कर्करोग, रक्ताच्या गुठळ्या, पक्षाघात किंवा यकृताचा गंभीर विकार होऊन गेला असल्यास बिगर-संप्रेरक औषधेही आहेत. मात्र रक्तस्रावाचे कारण कळल्याशिवाय हे उपचार सुरू करू नयेत.

पाळी सलग बारा महिने आली नाही म्हणजे रजोनिवृत्ती झाली असे समजतात. तोवर गर्भधारणा शक्य असते, हे ध्यानात ठेवावे. आणि त्या बारा महिन्यांनंतर रक्ताचा एक डाग जरी दिसला, तरी त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे जावे.