पत्ते पिसायचं मशीन बदललं आणि मी हरलो. केस करू का?

प्रश्न : मी इचलकरंजीचा, यंत्रमागाच्या सुट्या भागांचं दुकान आहे. दोन आठवड्यांपूर्वी मित्रांबरोबर पणजीला, मांडवीतल्या एका कॅसिनो बोटीवर गेलो होतो. ब्लॅकजॅकच्या टेबलावर मध्यरात्रीपर्यंत ना नफा ना तोटा चाललं होतं. मग पत्ते पिसायच्या मशीनवर लाल दिवा लागला. एक माणूस आला, ते काढून दुसरं बसवून गेला. त्यानंतर सलग नऊ हात हरलो. रात्रीत २ लाख ४० हजार गेले. ही मशिन्स फिरवता येतात असं व्हिडिओत पाहिलंय. कॅसिनोचं नाव घालून व्हॉट्सॲपवर सगळ्यांना सांगतोय. पोलिसांत जाऊ का? पैसे परत मिळतील?

उत्तर : तुमचा संशय खुळा नाही, हे आधी सांगतो. घरच्यांनी तसं म्हटलं असणारच. २०२३च्या ऑगस्टमध्ये लास व्हेगासच्या ब्लॅक हॅट या संगणक-सुरक्षेच्या परिषदेत संशोधकांनी डेकमेट २ या, पोकरच्या टेबलांवर पत्ते पिसणाऱ्या मशीनच्या यूएसबी पोर्टात छोटंसं उपकरण खोचून पत्त्यांचा क्रम बाहेर काढून दाखवला. मशीनच्या आत कॅमेरा असतो. तो बसवलेला असतो गड्डीत सगळे पत्ते आहेत ना हे तपासायला, आणि नेमका तोच फितूर झाला. पुढे २०२५च्या ऑक्टोबरमध्ये न्यू यॉर्कमध्ये फेडरल सरकारी वकिलांनी ३१ जणांवर आरोप ठेवले. खासगी पोकरच्या बैठकांत फेरफार केलेली मशिन्स पत्ते वाचायची, निरोप बाहेरच्या माणसाकडे जायचा आणि तिथून टेबलावरच्या साथीदाराच्या फोनवर यायचा, असा आरोप आहे.

पण ही दोन्ही उदाहरणं पोकरची आहेत, आणि तुमची तक्रार इथेच अडते. पोकरमध्ये खेळाडू एकमेकांविरुद्ध खेळतात. समोरच्याचे पत्ते ज्याला कळले त्याचं फावलं. ब्लॅकजॅकमध्ये तुम्ही कॅसिनोच्या डीलरशी, म्हणजे पत्ते वाटणाऱ्याशी खेळता. पत्त्यांची बेरीज २१च्या जवळ न्यायची, पण त्यापुढे जाऊ द्यायची नाही. त्यात डीलरला डोकं चालवायला जागाच नसते. १६ पर्यंत पत्ता घ्यायचा, १७ला थांबायचं, नियम ठरलेला. त्याला पुढचा पत्ता कळला तरी तो करणार काय? म्हणजे तुम्हाला ‘मशीनने पत्ते वाचले’ एवढं म्हणून भागणार नाही, ‘मशीनने पत्ते लावले’ असं म्हणावं लागेल. हा फार मोठा आरोप आहे. अशक्य नाही म्हणत मी, पण पुरावाही तेवढाच वजनदार लागेल.

आणि ते नऊ हात. ब्लॅकजॅकमध्ये बरोबरीचे हात सोडले तर खेळाडू निम्म्याहून थोडे जास्तच हात हरतो. रात्रभरात तीनशे हात खेळणाऱ्याला कधीतरी सलग नऊ हरण्याची पाळी येण्याची शक्यता साधारण तीनात एक असते. समोरचा वकील हेच गणित पहिल्या तारखेला मांडेल, म्हणून आधीच सांगून ठेवतो.

आता कायदा. करार कायदा १८७२चं कलम ३० सांगतं, पैज रद्दबातल, जिंकलेल्या पैशासाठी दावा चालणार नाही. हे वाचून बरेच जण हात टेकतात. पण तुम्ही जिंकलेलं मागत नाही आहात. फसवून घेतलेलं परत मागायचं तर तो दावा वेगळा. मात्र त्यात फसवणूक तुम्हालाच सिद्ध करावी लागेल. फौजदारीत भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ लागतं, जुनं ४२०. त्यात सुरुवातीपासूनचा अप्रामाणिक हेतू दिसावा लागतो. ‘मशीन बदललं’ यात तो दिसत नाही. दिवा लागलेलं मशीन बदलणं ही एरवी साधी दुरुस्ती.

शून्य क्रमांकाने एफआयआर इचलकरंजीतही देता येते, पुढे ती पणजीला वर्ग होते. आज मात्र देऊ नका. हातात कागद नसताना गेलात तर ठाण्यात तुमची गंमत होईल, आणि तिकडे तोवर फुटेज जाईल. सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग कुणी जन्मभर जपून ठेवत नाही, जुन्यावर नवं चढतं. दोन आठवडे तर गेलेच आहेत.

म्हणून पहिलं काम पत्राचं. कॅसिनोच्या कंपनीला स्पीड पोस्टाने पोचपावतीसह पाठवा, ईमेलही करा, आणि प्रत कॅसिनोंवर देखरेख ठेवणाऱ्या गोव्याच्या गेमिंग कमिशनरना. महाराष्ट्रात यासाठी कुणाचं दार ठोठवावं असं कुणीच नाही. आपला १९७६चा कॅसिनो कायदा कधी अमलातच आला नाही आणि २०२३मध्ये तो रद्दही झाला. पत्रात ‘फसवणूक’ हा शब्द नको. तारीख, टेबल नंबर, अंदाजे वेळ लिहा आणि मागा : त्या वेळचं फुटेज जपून ठेवावं, दोन्ही मशिन्सचे अनुक्रमांक, दुरुस्तीची नोंदवही, बदलणारा माणूस कोण आणि कुणाच्या सांगण्यावरून आला. प्लेअर कार्ड, म्हणजे खेळाची नोंद ठेवणारं कॅसिनोचं कार्ड, काढलं असेल तर तुमच्या खेळाची नोंदही मागा. ती त्यांच्याकडे तुमच्यापेक्षा चोख असते. जे डिजिटल मिळेल ते भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३च्या, म्हणजे रेकॉर्ड कुठून आणि कसं काढलं हे सांगणाऱ्या प्रमाणपत्रासह घ्या, नाहीतर कोर्टात त्यावर हरकत येणारच.

प्रवेशाची पावती, कार्डाचं स्टेटमेंट आणि सोबतच्या मित्रांनी काय पाहिलं ते त्यांच्याच शब्दांत, सहीनिशी, आत्ताच लिहून घ्या. सगळ्यांनी मिळून एकच मजकूर लिहू नका, उलटतपासणीत तो पाच मिनिटांत उसवतो.

बँकेकडे चार्जबॅक, म्हणजे कार्डाने भरलेले पैसे परत मागायचा विचार सोडा. तुम्ही कार्ड घासलं असेल ते चिप्ससाठी, म्हणजे पैशाऐवजी टेबलावर लावायच्या टोकनांसाठी, आणि चिप्स तुम्हाला मिळाल्या. कॅसिनोचं नाव घालून व्हॉट्सॲपवर जे फिरवताय, ते आजच थांबवा. बदनामीचं कलम ३५६ आहे, आणि त्या खटल्यात आरोपी तुम्ही असाल.

२ लाख ४० हजारांसाठी पणजीच्या दिवाणी कोर्टात दावा लावलात तर कोर्ट फी, वकील आणि येण्याजाण्यात त्यातले बरेच जातील. तुमच्या जागी मी असतो तर पत्र पाठवून उत्तराची वाट पाहिली असती. नोंदवहीत मशीन बदलल्याची नोंदच नाही किंवा अनुक्रमांक जुळत नाही, असं काही निघालं तर ते कागद घेऊन या. मग तक्रारीचा मसुदा बसून करू.