फोटो काढू दिला म्हणजे पाठवू दिला असं नव्हे

मोबाइल कॅमेऱ्याच्या गैरवापराबद्दल विचारलेल्या प्रश्नांपैकी पाच इथे घेतले आहेत. नावं, गावं अर्थातच गाळली आहेत.

प्रश्न : लोकलच्या एका स्टेशनात सरकत्या जिन्यावर मागच्या माणसाने मोबाइल खाली धरून माझ्या स्कर्टच्या आतला व्हिडिओ काढला. मागून येणाऱ्या काकूंनी त्याला पकडलं. पण नंतर ओळखीतल्या एकाने सांगितलं, सार्वजनिक जागेत फोटो काढायला बंदी नसते. खरं आहे का?

अर्धंच. फलाटावर उभ्या असलेल्या माणसाचा साधा फोटो काढणं हा आपोआप गुन्हा होत नाही, एवढ्यापुरतं ते खरं. तुमच्या बाबतीत घडलं ते निराळं. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६ ई अंतर्वस्त्रांनी झाकलेला भागही 'खासगी' धरतं आणि व्यक्ती सार्वजनिक जागी होती की घरात, याने फरक पडत नाही असं स्पष्ट सांगतं. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. तक्रार अर्जात हे कलम स्वतःच लिहून द्या. बोलणं पुष्कळदा फक्त भारतीय न्याय संहितेवर (जुन्या दंड संहितेच्या जागी आलेल्या कायद्यावर) होतं आणि हे कलम बाजूला पडतं.

अशा वेळी गर्दी जमते, कोणीतरी दोन थोबाडीत ठेवून देतं, 'डिलीट कर आधी' म्हणून दरडावतं, तो सगळ्यांसमोर डिलीट करतो आणि पुढच्या गाडीने निघून जातो. बहुतेक फोनांत गॅलरीतून उडवलेला व्हिडिओ साधारण महिनाभर कचरापेटीच्या फोल्डरमध्ये पडून असतो. म्हणजे व्हिडिओ त्याच्याकडे आणि तुमच्या हातात पुरावा काही नाही. त्याला थांबवून ठेवा, फोन त्याच्याच खिशात राहू द्या आणि रेल्वेच्या १३९ किंवा लोहमार्ग पोलिसांच्या १५१२ वर फोन करा.

प्रश्न : साखरपुडा झाल्यावर मीच त्याला माझे काही फोटो पाठवले होते. आता लग्न मोडलंय आणि तो म्हणतो, नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकीन. मीच पाठवलेत, तर तक्रार कुठल्या तोंडाने करू?

ताठ मानेने करा. २०१२ च्या दिल्लीतल्या सामूहिक बलात्काराच्या घटनेनंतर, २०१३ साली कायदा बदलून चोरून बघणं आणि चित्रण करणं हा स्वतंत्र गुन्हा झाला. जुन्या दंड संहितेतलं ते ३५४ सी, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम ७७. त्याच्या स्पष्टीकरणातच लिहिलंय की चित्र काढायला संमती होती, पण दुसऱ्याला दाखवायला नव्हती, तर ते पसरवणं गुन्हा आहे. पहिल्यांदा दोषी ठरल्यास एक ते तीन वर्षं, पुन्हा ठरल्यास तीन ते सात.

समोरचा वकील म्हणेल, फोटो तिनेच काढलाय, मग ७७ कसं लागणार? म्हणून ६६ ई जोडून घ्या. तिथे संमतीशिवाय पाठवणं हाही गुन्हाच, मग काढला कोणी याला महत्त्व उरत नाही. धमकीचं कलम वेगळं. पैसे मागत असेल तर ती खंडणी. एक रुपयाही देऊ नका. दिलात की मागणी वाढते.

त्याला लगेच ब्लॉक करावंसं वाटेल. त्याआधी सगळ्या गप्पांचे स्क्रीनशॉट घ्या. नंबर, तारीख, वेळ दिसली पाहिजे आणि मधला मजकूर कापायचा नाही. तुमचे स्वतःचे मेसेज लाजेने पुसू नका. मग पोलीस ठाणं किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टल. गुन्हा दुसऱ्या हद्दीत घडलाय म्हणून परत पाठवत असतील तर 'झिरो एफआयआर' मागा, म्हणजे हद्द न बघता कुठल्याही ठाण्यात नोंदवायचा गुन्हा.

स्टॉपएनसीआयआय नावाची एक मोफत सोय २०२१ च्या डिसेंबरपासून आहे. तुमच्याच फोनवर फोटोचा एक सांकेतिक ठसा तयार होतो आणि फक्त तो ठसा या सोयीत सहभागी असलेल्या समाजमाध्यम कंपन्यांकडे जातो. फोटो तुमच्याकडेच राहतो. तोच फोटो तिथे कोणी चढवला की पकडता येतो. सहभागी नसलेल्या ठिकाणी उपयोग नाही, तरी आजच करून ठेवा. फोटो कुठे झळकलाच तर त्या कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लिहा. २०२१ च्या आयटी नियमांनी अशा तक्रारीवर २४ तासांची मुदत घातली होती, फेब्रुवारी २०२६ च्या दुरुस्तीने ती दोन तासांवर आणली.

प्रश्न : लॉजवर गेलं की आरशाला बोट टेकवून बघायचं, असा मेसेज फिरतोय. कॅमेरा खरंच कळतो?

नाही. बोट आणि प्रतिबिंब यांतल्या फटीवरून आरशाची काच कळते, कॅमेरा नाही. कॅमेऱ्याला भोक लागतं आणि बहुधा वीज. पलंग आणि न्हाणीघर यांच्याकडे तोंड करून असलेलं घड्याळ, चार्जर, धूर ओळखणारा डबा एवढ्याच वस्तू तपासा. दिवे घालवा, टॉर्च डोळ्याजवळ धरून सावकाश फिरवा. भिंग असेल तर टाचणीच्या टोकाएवढी चमक दिसते. अंधारात चित्रण करणाऱ्या कॅमेऱ्याचे दिवे डोळ्यांना दिसत नाहीत, पण मोबाइलच्या पुढच्या कॅमेऱ्यात कधी कधी जांभळट ठिपके दिसतात. आधी टीव्हीचा रिमोट कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबा. ठिपका दिसला तर तुमचा फोन या कामाचा.

काही सापडलं तर काढू नका, फोटो घ्या, खोलीबाहेर या आणि पोलिसांच्या ११२ ला फोन करा. एवढं करूनही साधी गोष्ट राहून जाते. न्हाणीघराची वरची झडप उघडी असेल तर तिथून मोबाइल धरायला कसलंच तंत्रज्ञान लागत नाही. वर्तमानपत्राचा कागद चिकटवा.

प्रश्न : होस्टेलमध्ये रूममेटने माझा आंघोळीचा व्हिडिओ काढून ग्रुपवर टाकला. मी मुलगा आहे, म्हणून सगळे हसण्यावारी नेतात.

कलम ७७ फक्त स्त्रीच्या चित्रणाला लागू होतं, ही त्यातली उणीवच. ६६ ई मात्र 'व्यक्ती' म्हणतं, त्यामुळे तुमचा अर्ज त्याखाली घ्यावाच लागेल. अठराच्या आतले असाल तर मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा पॉक्सो कायदा आहे आणि तो मुलगा-मुलगी भेद करत नाही.

प्रश्न : सूनबाईने नातवाच्या आंघोळीचा व्हिडिओ घरच्या ग्रुपवरून काढायला लावला. आजीपासून काय लपवायचं?

आजी, तुमच्यापासून काहीच नाही. पण ग्रुपवर तुम्ही एकट्या नाही. व्हॉट्सॲपवर आलेला व्हिडिओ अनेकांच्या गॅलरीत आपोआप उतरतो, तिथून बॅकअपमध्ये जातो आणि फोन दुरुस्तीला दिला की दुकानातल्या पोराच्या हातात. सूनबाईंचं बरोबर आहे. 'सगळ्यांसाठी डिलीट' करूनही गॅलरीत उतरलेली प्रत काही फोनांत राहते, म्हणून ग्रुपवरच्या प्रत्येकाला सांगून ती काढून घ्या. प्रत्येकाच्या फोनवर ग्रुपच्या सेटिंगमध्ये 'मीडिया व्हिजिबिलिटी' (आलेले फोटो गॅलरीत दिसू देणारी सोय) बंद करायला नातवाच्या बापाला सांगा, एका फोनचं दोन मिनिटांचं काम आहे. आंघोळ बघायची असेल तर रोज व्हिडिओ कॉल करा, आणि तोही बाळ टॉवेलात आल्यावर.